बाबांच्या नंबराचा कॅमेरा

तिला सगळे वहिनी म्हणत. फोटो काढायला आलेलं गिऱ्हाईक वहिनी म्हणे, शेजारचा शिंपी वहिनी म्हणे, इतकंच काय, दूधवालाही वहिनीच म्हणे, आणि तो तर तिच्या वडिलांच्या वयाचा होता. तेव्हा आपणही वहिनीच म्हणू.

वहिनीचं सासर म्हणजे फोटो स्टुडिओ. खाली दुकान, वर घर आणि दोन्हींना जोडणारा आतला अरुंद जिना. लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईला या जिन्याचं कोण कौतुक! "उन्हातान्हात हिंडायला नको, पावसापाण्यात बाहेर पडायला नको, सगळं एका छपराखाली," असं ती भेटेल त्याला सांगत सुटली होती. आईचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं. बाहेर पडायला नको म्हणजे नकोच. दुकानातल्या टेबलाखाली एक बटण होतं. ते दाबलं की वर स्वयंपाकघरात घंटी वाजे. घंटी वाजली की गॅस बारीक करायचा, हात पुसायचे, जिना उतरायचा, गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, हनुवटी खाली, खांदे सरळ, डोळे उघडे, खटक. मग पुन्हा जिना चढायचा आणि भाजी बुडाला लागली नाही ना ते बघायचं. फोटो काढायच्या खोलीला खिडकी नव्हती. मागे पांढरा पडदा, पुढे काळा पडदा. बाहेर ऊन आहे की आभाळ आलंय हे वहिनीला गिऱ्हाइकाच्या छत्रीवरून कळायचं.

स्टुडिओ सासऱ्यांचा. त्यांना ती बाबा म्हणे, गाव फोटोकाका म्हणे. माणूस वाईट नव्हता. सुनेवर कधी आवाज चढवला नाही, तिच्या हातच्या जेवणाला कधी नाव ठेवलं नाही. पण दुकान त्यांचं होतं आणि ते त्यांचंच आहे हे कुणी विसरू नये याची ते सतत काळजी घेत. बाहेरची कामं, म्हणजे लग्नं, सत्कार, शाळेतले वर्गांचे फोटो, ती ते स्वतः करत. मुलगा, म्हणजे वहिनीचा नवरा, छपाई आणि फ्रेमा बघायचा. त्याला कॅमेऱ्याची आवड नव्हती आणि भांडणाची तर त्याहून नव्हती. वहिनीच्या वाट्याला स्टुलावरचे फोटो आले, तेही बाबांचे गुडघे कुरकुरायला लागल्यावर.

कॅमेरा एकच. दुसरा घ्यावा असं नवऱ्याने एकदा सुचवलं होतं. "एका दुकानात दोन कॅमेरे म्हणजे दोन मालक," असं म्हणून बाबांनी विषय मिटवला होता.

तर हा जो एकुलता एक कॅमेरा, त्यातून वहिनीला कधीच काही धड दिसलं नाही. ज्या भोकाला डोळा लावून बघतात, तो व्ह्यूफाइंडर, त्यातून बघितलं की समोरचा माणूस पाण्यातून बघितल्यासारखा. नाक कुठे संपलं आणि गाल कुठे सुरू झाला याचा पत्ता नाही. पहिल्याच दिवशी तिने तसं बाबांना सांगितलं होतं.

"तुझ्या डोळ्यांचा दोष आहे तो," बाबा म्हणाले. "चष्मा आहे ना तुला?"

"चष्मा लावून बघू का मग?"

"छे! काचेवर काच घासली की ओरखडे पडतात. आणि तुला बघायचं काय आहे? मधोमध माणूस आला की बटण अर्धं दाबायचं. कॅमेरा टिट करेल. टिट झालं की पूर्ण दाबायचं. फोकस कॅमेरा करतो, आपण नाही."

ते खोटं नव्हतं. फोटो स्वच्छ येत. छापून हातात पडले की चेहऱ्यावरचा तीळन् तीळ दिसे. त्यामुळे कॅमेऱ्यात काही खोट आहे असं मनात यायचं कुणाला कारणच नव्हतं. वहिनी वर्षानुवर्षं कानाने फोटो काढत राहिली. टिट, खटक. टिट, खटक. एकदा धाकट्या बहिणीने फोनवर विचारलं, "ताई, किती तऱ्हेतऱ्हेची माणसं बघायला मिळत असतील ना तुला?" तेव्हा वहिनीला हसावं की रडावं तेच कळेना. माणसं दिसायची ती छापून झाल्यावर, पाकिटात भरताना. तेव्हा ती निघून गेलेली असायची.

एका दुपारी ती मऊ फडक्याने कॅमेरा पुसत होती. डोळा लावायच्या भोकाभोवतीच्या रबरात धूळ बसली होती, ती नखाने काढता काढता बाजूच्या कशाला तरी नख अडकलं. बघते तर एक इवलंसं दातेरी चाक. घड्याळाला चावी द्यायचं असतं ना, त्याच्याही अर्धं. शेजारी एका अंगाला अधिकची खूण, दुसऱ्या अंगाला उण्याची. चाक अधिकच्या पार टोकाला जाऊन बसलेलं.

अधिक आणि उणे या खुणा वहिनीच्या चांगल्या ओळखीच्या होत्या. चष्म्याच्या चिठ्ठीवर तिच्या दोन्ही डोळ्यांपुढे उण्याची खूण असायची. तिने चष्मा डोक्यावर सरकवला, भोकाला डोळा लावला आणि चाक हळूच उण्याकडे ढकललं. आत खालच्या कडेला हिरवे आकडे असायचे. तिला ते नुसते हिरवे डाग वाटायचे. ते डाग आखडले. आणखी फिरवलं, त्यांना कोपरे फुटले. आणखी थोडं, आणि आकडे सुईने टोचून काढल्यासारखे लख्ख झाले. मग तिने नजर वर उचलली. समोर रिकामं स्टूल होतं. त्याच्या कातडी बैठकीला मध्ये चीर गेली होती आणि चिरेतून एक दोरा बाहेर आला होता. तो दोरा तिला दिसला.

वहिनी किती तरी वेळ त्या दोऱ्याकडे बघत बसली. तेवढ्यात पडद्यापलीकडे नवऱ्याने चहासाठी घंटीचं बटण दाबलं, तेव्हा ती दचकली. वर घंटी वाजली आणि ती तर खालीच होती.

त्या दिवसापासून तिचं एक गुपित झालं. गिऱ्हाईक आलं की चाक उण्याकडे, गिऱ्हाईक गेलं की परत अधिकच्या टोकाला, बाबांसाठी. त्यांना सांगावं असं तिला वाटायचं. पण सांगायचं म्हणजे काय, तर तुमच्या कॅमेऱ्याला मी हात लावला. आणि ते म्हणतील, बरं, आता जसं होतं तसं कर आणि पुन्हा लावू नकोस. मग? त्यापेक्षा न सांगितलेलं बरं. आता तिला माणसं दिसत होती. नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला आलेल्या मुलीने ओठ चावून पांढरे केले होते ते दिसलं. एका म्हाताऱ्या सुताराने दाढी करताना हनुवटीवर कापून घेतलं होतं आणि त्यावर कागदाचा तुकडा तसाच राहिला होता, तो तिने फोटोआधी काढायला लावला. "वहिनी, तुमची नजर भारी," सुतार म्हणाला. ती दिवसभर खुशीत होती.

मग तो बँकेतला सत्कार आला. सकाळपासून दुकानात रांग, आणि शेवटचं गिऱ्हाईक उठतं न उठतं तोच बाबा कपडे करून तयार. "चल, बॅग घे," म्हणाले. बाहेरच्या कामाला बॅग धरायला ते हल्ली तिला नेत. गडबडीत ती चाक फिरवायला विसरली.

सभागृहात निवृत्त होणारे साहेब हार घालून उभे राहिले. बाबांनी कॅमेरा डोळ्याला लावला. खाली केला. रुमालाने भोक पुसलं. पुन्हा लावला. मग डोळे पुसले.

"इथे धूर झालाय का गं?"

"नाही बाबा."

काय झालंय ते वहिनीला त्याच क्षणी कळलं होतं. सगळी माणसं खोळंबलेली, साहेबांचं हसू चेहऱ्यावरच वाळत चाललेलं. बाबांनी कॅमेरा तिच्यापुढे धरला आणि दबक्या आवाजात विचारलं, "तुला दिसतंय का बघ यातून. स्वच्छ?"

तिने डोळा लावला. हारातल्या फुलांच्या पाकळ्या मोजता आल्या असत्या.

"हो," ती म्हणाली. "मला दिसतंय."

शब्दन् शब्द खरा होता. बाबांचा चेहरा मात्र एकदम उतरला. "मग तूच काढ," असं म्हणून ते मागे जाऊन एका खुर्चीत बसले आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. वहिनीने सगळे फोटो काढले. आजचाच दिवस, असं ती स्वतःला सांगत होती. घरी गेलं की सांगू.

घरी गेल्यावर बाबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. सोबत वहिनीच गेली. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. "मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे. एवढ्याने इतकं धूसर दिसायला नको खरं तर. सहा महिन्यांनी परत या," त्या म्हणाल्या. येताना रिक्षात बाबा म्हणाले, "तोंडावर कुणी खरं सांगत नाही." वहिनी बाहेर बघत राहिली. आता सांगायचं तर दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या. चाक फिरवलं, आणि दवाखान्यात शेजारी बसूनही गप्प राहिले.

बाबांनी दुकानात उतरणं सोडलं. नवरा म्हणाला, "आता बाहेरचंही तूच बघ." आणि वहिनी बाहेर पडली. शाळेत गेली, सूतगिरणीच्या गेटवर गेली, वाचनालयाच्या नव्या इमारतीसमोर उन्हात उभी राहून तिने पंचवीस माणसांना ओळीत उभं केलं. तिचा आवाज इतका मोठा आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. "मागचे, बोटांवर उभे राहा! चष्मेवाले काका, हनुवटी खाली!" लोक ऐकायचे. परत येताना ती मुद्दाम लांबच्या रस्त्याने यायची. ते दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात मोकळे दिवस होते असं म्हणता आलं असतं, जर घरी परत यावं लागलं नसतं.

घरी बाबा बसलेले असत. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर खुर्ची टाकून एक डोळा झाकायचा, तारीख वाचायची. मग दुसरा झाकायचा, वाचायची. तारीख बरोबर वाचता आली तरी मान हलवायची. वहिनी आली की विचारायचे, "आज काय काढलंस? सांग." ती सांगायची. कोण कुठे उभं होतं, ऊन कुठून येत होतं. ते डोळे मिटून ऐकायचे. म्हणायचे, "हं. पुढे." एखाद्या आंधळ्या माणसाला वाचून दाखवावं तसं. तिला ती खुर्ची चुकवायला दुसरी वाट नव्हती, जिना तिथेच उघडत होता.

एका सकाळी ती खाली झाडत होती. जिन्यावर काही तरी घासल्याचा आवाज आला म्हणून तिने वर बघितलं. बाबा उतरत होते. डोळे गच्च मिटलेले. डाव्या हाताचा तळवा भिंतीवर टेकवून, पायाने पुढची पायरी चाचपून बघायची, मग वजन टाकायचं. अर्ध्यावर एक पाय चुकला, ते भिंतीला धरून थांबले, धाप लागली, तरी डोळे उघडले नाहीत. पुन्हा चाचपलं, पुन्हा उतरले. खाली पोचल्यावर डोळे उघडले तर समोर केरसुणी घेऊन सून.

"सवय करून ठेवतोय," ते ओशाळून म्हणाले. "पुढे उपयोगी पडेल."

वहिनी तशीच मागच्या मोरीत गेली आणि तोंडावर पाणी मारत राहिली.

दुपारी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो फ्रेमेला खिळे ठोकत होता. ऐकता ऐकता हातोडी थांबली.

"आता नको सांगूस," तो म्हणाला.

"अहो, ते आंधळं व्हायची तयारी करतायत."

"कळतंय मला. पण आता सांगितलंस तर तुला ते पुन्हा कॅमेऱ्याला हात लावू देणार नाहीत. आणि तुझ्या हातची कामं लोकांना आवडतायत. चाललंय ते चालू दे की. सहा महिन्यांनी डॉक्टर सांगतीलच, काही झालेलं नाही म्हणून."

"आणि तोवर?"

त्याने खिळा घेतला आणि ठोकला. वहिनीला वाटलं, हा माणूस आपल्या बाजूने बोलतोय आणि तरी आपल्याला भिंतीत चिणतोय. सांगितलं तर खिडकी नसलेली खोली. नाही सांगितलं तर जिन्यावरचा तो हात.

दोन दिवस तिने काढले. तिसऱ्या दिवशी दुकान रिकामं बघून तिने बाबांना खाली बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि कॅमेरा त्यांच्या हातात दिला.

"नको," बाबा म्हणाले.

"एकदा बघा."

"कशाला थट्टा करतेस?"

"बाबा, माझ्याकडे बघू नका, कशाकडेच बघू नका. आत खाली हिरवे आकडे आहेत, फक्त ते बघा. आणि हे इथे बोट ठेवा." तिने त्यांचं बोट धरून चाकावर टेकवलं. "आता फिरवा. आकडे स्वच्छ होईपर्यंत फिरवा. हळूहळू."

बाबांनी फिरवलं. थांबले. आणखी फिरवलं. त्यांच्या खांद्यांत काही तरी सैल पडलं. कॅमेरा डोळ्याला तसाच ठेवून त्यांनी बसल्या जागी तो खोलीभर फिरवला; पडदा, दिवा, दार, सून. मग कॅमेरा खाली घेतला.

"कॅमेरा घेताना दुकानदाराने लावून दिलं होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, एकदाच लावायचं असतं." मग चाकावर बोट ठेवून, "हे कुणी फिरवलं होतं?"

"मी."

"कधी?"

"बँकेत जायच्या आधी. परत फिरवायला विसरले."

"दवाखान्यात माझ्याबरोबर कोण होतं?"

"मीच."

बाबांनी मान हलवली. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते उठले आणि कॅमेरा घेऊन वर गेले. जिना चढताना भिंतीला हात लावला नाही.

सकाळी वहिनी खाली आली तर बाबा आधीच काउंटरमागे बसलेले, बूट घालून. कॅमेरा टेबलावर होता आणि चाकावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा, नीट कापून, कोपरे दाबून लावलेला. पहिलं गिऱ्हाईक आलं, तिने डोळा लावला. पाण्यातला माणूस. टिट, खटक.

आधी ती त्यात वर्षं काढू शकली होती, कारण त्याहून वेगळं काही असतं हे तिला माहीत नव्हतं. आता माहीत होतं. समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते एका नखाएवढ्या पट्टीच्या पलीकडे होतं, आणि पट्टी तर नुसत्या नखाने निघाली असती. ती काढत नव्हती. एकदा नवरा न राहवून म्हणाला, "काढून टाक ना ती पट्टी."

"तुम्ही काढा," वहिनी म्हणाली.

त्याने पट्टीकडे बघितलं, काउंटरकडे बघितलं आणि छपाईच्या यंत्रात कागद घालायला गेला.

बाहेरची कामं पुन्हा बाबांकडे गेली. बॅग वहिनीकडे. असे काही महिने गेले असतील, तेव्हा पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्यांचा सामूहिक फोटो आला. टाकीसमोर साठ-सत्तर माणसं. उंचावरून काढायला शिडी आणली. "शिडी धर," बाबा म्हणाले आणि गुडघ्यांना शिव्या घालत चढले. वहिनी दोन्ही हातांनी शिडी धरून उभी राहिली. तिथून तिला बाबांच्या बुटांचे तळवे दिसत होते, दुसरं काही नाही.

"सगळे इकडे बघा!" बाबांचा आवाज मागच्या ओळीपर्यंत पोचत नव्हता. माणसं आपसांत बोलत होती. दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा खोकला आला. वहिनीने शिडी न सोडता मान वळवली आणि ती ओरडली, "मागचे! इकडे! आणि टोपीवाले दादा, टोपी काढा!" सगळी गप्प झाली. वर खटक वाजलं. पुन्हा वाजलं.

मग बराच वेळ काहीच वाजलं नाही. तिने वर बघितलं. बाबा कॅमेऱ्याशी काही तरी खुडबुड करत होते. नखाने त्यांनी पट्टी सोडवली आणि आपल्या मनगटावर चिकटवून ठेवली.

"तुझं कुठल्या बाजूला असतं?" त्यांनी वरून विचारलं.

"उण्याच्या."

"किती?"

"मी करते."

ते उतरले. कॅमेरा तिच्या गळ्यात घातला आणि वाकून स्वतः शिडी धरली. वहिनी वर चढली, आकडे बघून चाक लावलं आणि नजर उचलली. साठ-सत्तर चेहरे, एकेक वेगळा. तिने चार फोटो काढले. आणखी काढावेसे वाटत होते, पण खालून आवाज आला, "पुरे. आण आता." ती उतरली. बाबांनी चाक अधिकच्या टोकाला नेलं, मनगटावरची पट्टी काढून पुन्हा बसवली आणि अंगठ्याने दाबली.

हे असंच राहिलं. मोठा फोटो असला, शिडी असली, माणसं फार असली की बाबा स्वतः पट्टी काढतात, चार फोटो तिला काढू देतात आणि परत लावतात. चिकटेनाशी झाली की नवा तुकडा कापतात. स्टुलावरच्या फोटोंना पट्टी कधी निघत नाही. मध्यंतरी वहिनीने हिंमत करून दुसऱ्या कॅमेऱ्याचा विषय काढला. बाबांनी या वेळी दोन मालकांचं काही काढलं नाही. "बघू," म्हणाले. नवऱ्याला तेवढ्यावरही फार आनंद झाला. बहीण फोनवर म्हणाली, "ताई, बघू म्हणजे काय गं?"

"बघू म्हणजे बघू," वहिनी म्हणाली, तेवढ्यात घंटी वाजली आणि तिने फोन ठेवून गॅस बारीक केला.